चेरी धुऊन डब्यात भरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फळांची एक चौकट होती. जांभूळ, लिची, आलुबुखार यांच्याबद्दल लिहिलेलं ठीक आहे. चेरीच्या चार ओळी मात्र जवळजवळ सगळ्याच चुकल्यात. त्यात लिहिलं होतं, आणल्याबरोबर मिठाच्या पाण्यात धुवा, हवाबंद डब्यात भरा, पंधरा दिवस टिकतील, आणि आंबट निघाली तर दोन दिवस बाहेर ठेवा, पिकेल. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या चौकटीचा फोटो फिरला आणि काही घरांत त्याबरहुकूम डबे भरलेही गेले. पाव किलोला दीडशे-दोनशे रुपये मोजून आणलेलं फळ असं वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कात्री लावायचीच असेल तर माझ्या ओळखीच्या परिच्छेदाला लावा, देठाच्या परिच्छेदाला नको.

मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये प्लांट ऑपरेटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळणं हे माझं मूळ काम. पण खोलीत काय ठेवलंय हे कळत नसेल तर खोलीचं तापमान सांभाळता येत नाही, त्यामुळे फळं शिकावीच लागली. आंब्याची खोली बारा-तेरा अंशांवर, त्याच्या फार खाली गेली की साल काळवंडते आणि व्यापारी डोक्यावर बसतो. सफरचंद आणि द्राक्षं शून्याच्या आसपास. चेरी उणे एक ते शून्य, आणि हवेत नव्वद ते पंच्याण्णव टक्के ओलावा. फळात साखर असते म्हणून शून्यावर ती गोठत नाही.

आधी पिकण्याचं बघू. आंबा, केळं, चिकू, पपई ही फळं तोडल्यावर पिकतात. आपल्याकडे घराघरात अढी घालून झालेली आहे, त्यामुळे कुठलंही कच्चं फळ दिसलं की आपण त्याला कोपऱ्यात ठेवून वाट बघतो. चेरीला अढी नाही. द्राक्ष आणि लिचीसारखंच तिचं आहे, झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच तिच्या नशिबात. तोडल्यानंतर साखर वाढत नाही. दोन दिवस बाहेर ठेवलेली चेरी गोड लागल्यासारखी वाटते ती आंबटपणा थोडा कमी झाल्यामुळे आणि पाणी उडाल्यामुळे. तेवढ्यात ती मऊ पडते, देठ वाळतो, आणि जूनमधल्या कोपरखैरण्याच्या हवेत ती बुरशीला आयतं आमंत्रण देते. आंबट निघाली तर साखर घालून शिजवा किंवा आंबट म्हणून खा, तिसरा मार्ग नाही.

मुळात आपल्या हातात येते तोवर चेरी बरीच दमलेली असते. देशातली बहुतांश चेरी काश्मीरची, शोपियां, गांदरबल आणि श्रीनगरच्या आसपासच्या बागांतली. थोडी हिमाचलातून, नारकंडा-कोटगढकडून येते. हंगाम मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे हापूसच्या शेवटच्या पेट्या आणि पहिला पाऊस यांच्या मध्ये सापडलेला. तिथून वाशीच्या फळ मार्केटपर्यंत ट्रकनं दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. जम्मूच्या वाटेवर बनिहालकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला की ट्रक उन्हात उभे. गेल्या काही वर्षांत विमानानंही माल येतो, आणि जून 2025 मध्ये रेल्वेनं कटऱ्याहून वांद्रे टर्मिनसला चेरी पाठवली तेव्हा मार्केटमधल्या माझ्या ओळखीच्या लोकांना हायसं वाटलं होतं. आमच्या धंद्यात एक हिशेब सांगतात की वीस अंशांवर एका तासात चेरी जेवढी उतरते, तेवढी शून्य अंशावर चोवीस तासांतही उतरत नाही. आता ट्रकमधून उतरवणं, गाळ्यावरची विक्री, टेम्पो, मग ठाणे स्टेशनबाहेरची किंवा वाशी सेक्टर नऊमधली गाडी, आणि शेवटी आपली पिशवी. प्रत्येक टप्प्यावर तीस-बत्तीस अंश. यातून आलेल्या फळाला आणखी पंधरा दिवस मागणं म्हणजे अति होतं. चांगली, ताजी, देठासकट असेल तर घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर. अगदी नशीबवान निघाली तर दहा दिवस. त्यापुढचं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

म्हणून खरं काम घेतानाच करायचं असतं. सगळे लाल रंगाकडे बघतात. रंग फसवतो, कारण तो जातीवर अवलंबून असतो. मखमली वेगळी, मिश्री वेगळी, डबल म्हणतात ती जवळजवळ काळी. बघायचं ते देठाकडे. देठ हिरवा असावा, वाकवला तर वाकावा, कडकन तुटू नये. तपकिरी, सुतळीएवढा वाळलेला देठ म्हणजे तोडून बरेच दिवस झालेत किंवा वाटेत ऊन लागलंय. काही जातींत फळ चांगलं असूनही देठ लवकर तपकिरी पडतो, तेव्हा नुसत्या देठावर फैसला करू नये. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून देठाच्या बाजूला हलकं दाबायचं. घट्ट लागला, साल ताणलेली आणि चकचकीत दिसली, तर माल चांगला. साल सुटल्यासारखी सरकली तर डबी परत ठेवा.

बिनदेठाचे दाणे स्वस्तात मिळतात, ते त्याच दिवशी खायचे असतील तरच घ्या. देठ उपटला की तिथं उघडी जखम राहते. रस तिथून झिरपतो आणि बुरशी तिथूनच आत जाते. घरी आणल्यावर नीटनेटकेपणा म्हणून देठ काढून ठेवणाऱ्या माणसांत माझी धाकटी बहीणही आहे. ती ठाण्याला पाचपाखाडीत राहते आणि माझं ऐकत नाही.

आणखी एक. गाडीवाले फळ टवटवीत दिसावं म्हणून पाणी मारतात. भाजीला ते चालतं. चेरीवर पाण्याचे थेंब दिसले की मी पुढच्या गाडीवर जातो. डबी घेतली तर उलटी करून तळ बघा. वरचा थर निवडून लावलेला असतो, खरी गोष्ट तळाला कळते. प्लास्टिकला आतून दव धरलंय का, कोपऱ्यात लालसर रस साचलाय का, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. डबीवर तारीख असलीच तर ती डबी भरल्याची असते, फळ तोडल्याची नव्हे. मी कितीतरी वेळा पाहिलंय, आठ दिवस खोलीत असलेला माल आज डबीत भरला की त्यावर आजची तारीख लागते. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण गिऱ्हाईक समजतं की फळ आजचं आहे.

आता धुण्याबद्दल. चेरीची साल फार पातळ असते आणि ती पाणी आत ओढते. पिकायला आलेली चेरी पावसात झाडावरच तडकते. बागायतदार या एका गोष्टीला फार घाबरतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातले बागायतदार पावसानंतर भाड्यानं हेलिकॉप्टर आणून बागेवरून सावकाश फिरवतात, पंख्याच्या वाऱ्यानं फळावरचं पाणी झडावं म्हणून. आणि आपण तेच फळ घरी आणून मिठाच्या पाण्यात बुडवून ओलंच डब्यात भरायचं! देठाजवळच्या खळग्यात जो थेंब अडकतो तो फडक्यानं पुसता येत नाही, आणि बंद डब्यात तो वाळतही नाही. मोठ्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथं, चेरी बर्फगार पाण्यातून काढतात हे खरं आहे. पण त्या पाण्यात मोजून क्लोरीन असतं, त्यातून फळाच्या अंगातलं ऊन काढून घ्यायचं असतं आणि तिथून ते थेट गार खोलीत जातं. आपल्या मोरीत यातलं काही नाही. तेव्हा खायच्या वेळी, खायची तेवढीच, चाळणीत घेऊन नळाखाली धुवावी.

ठेवायची पद्धत सोपी आहे. घरी आल्यावर चहाच्या आधी डबी उघडायची आणि ताटात पसरून निवडायची. मऊ, तडकलेले, गळणारे दाणे बाजूला काढून त्याच दिवशी संपवायचे. उरलेले देठासकट, पसरट डब्यात टिश्यू पेपर घालून, दोन थरांपेक्षा जास्त नाही. स्वच्छ सुती फडकंही चालतं. झाकण नुसतं टेकवायचं, चाप लावायचा नाही. तोडलेलं फळही श्वास घेतं, हवाबंद डब्यात तो श्वास पाणी होऊन झाकणाला लागतो आणि परत फळावर पडतो. पण अगदी उघडंही ठेवू नये. फ्रिजची हवा कोरडी असते, त्यात साल सुरकुतते. शिवाय चेरी दुसऱ्याचा वास चटकन धरते. अर्धा चिरलेला कांदा किंवा सुकटीची पुडी शेजारी असेल तर मग चेरीला नावं ठेवू नका.

जागा निवडताना लोक सरळ भाजीच्या ट्रेकडे जातात. बहुतेक फ्रिजमध्ये तो भाग वरच्यापेक्षा थोडा उबदार असतो, आणि दारातले कप्पे तर सगळ्यात वाईट, कारण दर उघडझापीला तिथं बाहेरची हवा लागते. एका दाराचा जुना फ्रिज असेल तर फ्रीझरखालचा चिलर ट्रे चेरीसाठी उत्तम. दोन दारांचा असेल तर वरच्या फळीवर मागच्या बाजूला. आणि खाताना अख्खा डबा टेबलावर आणून ठेवायचा नाही. पावसाळी हवेत गार फळ बाहेर आलं की मिनिटभरात त्याला घाम फुटतो, तसंच ओलं परत आत गेलं की न धुताही धुतल्यासारखंच झालं. वाटीभर काढा, डबा आत.

खराब झालेली कशी ओळखायची, यावर आपल्या चौकटीत एक शब्द नव्हता, आणि लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. माझ्या बघण्यात लोक टाकण्याजोगी चेरी खातात आणि खाण्याजोगी टाकतात.

रोज एकदा डब्यातला टिश्यू उचलून बघावा. एखादा दाणा आतून गेला की वरून तो अजून लालच दिसतो, पण खाली कागदावर त्याच्या जागी तपकिरीकडे झुकलेला गुलाबी डाग पडलेला असतो. तो दाणा उचला. देठाकडचा खळगा उजेडात धरा. बुरशीची सुरुवात बहुतेक वेळा तिथून होते, आधी पांढरा, पिंजलेला तंतू, इतका बारीक की चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. दोन दिवसांत तो करडा होतो किंवा निळसर हिरवा. करड्या बुरशीला फ्रिजची थंडी बिनदिक्कत चालते. शून्य अंशाच्या खोलीतही ती हळूहळू वाढताना मी पाहिलीय. लांब केसांसारखे तंतू आणि टोकाला काळे ठिपके असलेली बुरशी उबेत वाढते, ती दिसली तर समजा की माल बाहेर फार वेळ राहिलाय.

बुरशी लागलेला भाग कापून बाकीचं खाणं गाजराला जमतं, कारण गाजर कडक असतं. मऊ, रसाळ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी आत पोहोचलेले असतात. निळसर हिरव्या बुरशीची एक जात पॅट्युलिन नावाचं विष तयार करते, ते उकळूनही पुरतं जात नाही. सफरचंदाच्या रसात ते किती असावं याची मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ठरवून दिलेली आहे. तेव्हा बुरशी आलेला दाणा अख्खा टाकायचा आणि त्याला चिकटलेले शेजारीही. उरलेले एकेक तपासून, कागद बदलून, लवकर संपवायचे. बुरशीची चेरी जॅममध्ये खपवण्याचा सल्ला देणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या घरचा जॅम मी खात नाही.

दुसरी खूण वासाची. डबा उघडल्यावर ताडीसारखा आंबूस भपकारा आला तर आत साखर आंबायला लागलेली आहे. असा दाणा जिभेवर चुणचुणतो. कधी कधी एकच दाणा सगळ्या डब्याला वास लावतो, तो शोधून काढला की बाकीचे चांगले निघतात. वास सगळ्यांनाच असेल तर मात्र सोडून द्या. शंका असेल तर दाणा कापून बघा. चांगल्या चेरीचा गर बीपर्यंत एकसारखा लाल किंवा पिवळसर असतो, जातीप्रमाणे. बीभोवती तपकिरी, काचेसारखा पाणचट गर दिसला तर ती गेली.

आता उगाच टाकली जाणारी. सालीवर बारीक खळगे पडलेले दाणे लोक किडके समजतात. ते मार लागल्याचे खळगे असतात. गार फळाला हिसका बसला की सालीखालच्या पेशी फुटतात, पण पेटी आपटली त्या दिवशी काहीच दिसत नाही. खोलीत आठ-पंधरा दिवस गेल्यावर खळगा वर येतो. आमच्याकडचे जुने माथाडी चेरीचा खोका खाली ठेवताना दोन्ही हातांनी टेकवत, नव्या पोरांना ते कितीदा सांगावं लागे. असा दाणा दिसायला वाईट पण खायला चांगला, फक्त आधी संपवावा. देठाजवळ जराशी सुरकुती पडलेलीही पाणी कमी झाल्याची खूण आहे, सडल्याची नाही. आणि जोडचेरी! दोन दाणे एकमेकांना चिकटलेले. आदल्या उन्हाळ्यात कळी धरताना फार उष्णता पडली की अशी फळं येतात. आमच्या मातोश्री जोडकेळं पाहिलं की घरातल्या सुनांच्या हातातून काढून घ्यायच्या, जुळी होतील म्हणून. चेरीच्या बाबतीत तसं काही ऐकिवात नाही. खुशाल खा.

लोकांना चेरी महिनोन्‌महिने टिकावी असं का वाटतं, याचं कारण मला बेकरीत सापडतं. आपल्या पिढीनं चेरी पाहिली ती केकवरची, आइसक्रीमवरची, पाकातली. ती फ्रिजच्या दारात दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पडून असते आणि तिला काही होत नाही. पण ती बहुतेक वेळा चेरी नसतेच, करवंद असतं. कच्ची करवंदं बी काढून, उकडून, साखरेच्या पाकात मुरवून, लाल रंग देऊन तयार केलेली. तिला टिकवते ती साखर. ताज्या चेरीत ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं, ती त्या हिशेबानं चालणार कशी?

जास्त आणली असेल तर फ्रीझरचा रस्ता आहे. इथं मात्र आधी धुवायची, पंख्याखाली पूर्ण कोरडी करायची, देठ काढायचे. बी काढायला बाजारात यंत्र मिळतं, पण सोड्याच्या रिकाम्या काचेच्या बाटलीच्या तोंडावर चेरी ठेवून वरून कबाबची काडी खुपसली की बी टपकन बाटलीत पडते आणि रसही इकडेतिकडे उडत नाही. मग ताटात एकेक सुटी मांडून गोठवायची आणि कडक झाल्यावर झिपच्या पिशवीत हवा काढून भरायची. उणे अठरा अंशांवर सहा महिने आरामात जातात. वितळल्यावर मऊ पडतात, तशा खायला मजा नाही, पण मिल्कशेकला, श्रीखंडात किंवा रव्याच्या केकमध्ये छान लागतात. पहिल्या वादळी पावसात वीज गेली तर फ्रीझर सारखा उघडून बघू नका, भरलेला फ्रीझर बंद राहिला तर बराच वेळ धरतो. वितळून, रस सुटून परत गोठलेली पिशवी शिजवण्यासाठी वापरायची की टाकायची, ते वास घेऊन नव्हे तर किती वेळ उबेत होती त्यावर ठरवा.

मिल्कशेकवरून आठवलं. घाईत बियांसकट मिक्सरमध्ये फिरवणारे महाभाग आहेत. चेरीच्या बीच्या आतल्या गरात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि बी भरडली की त्यातून सायनाइड तयार होतं. चुकून एखादी अख्खी बी गिळली गेली तर घाबरण्याचं कारण नाही, ती न फुटता बाहेर पडते. लहान मुलांना मात्र बी काढून, अर्धे तुकडे करूनच द्यावी, घशात अडकायला तिचा आकार अगदी नेमका आहे.

काश्मीरचा माल अजून काही आठवडे मार्केटला येत राहील, तोवर ही दुरुस्ती छापली तर उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त कोल्ड स्टोरेज सुपरवायझर,
कोपरखैरणे, नवी मुंबई